साडेपाचची वेळ माझी होती

रविवार, नऊ नोव्हेंबर. सकाळची उपासना सुटल्यावर तुझ्या घरी, पुढच्या खोलीत. कबरीच्या दगडाचा ग्रॅनाइटवाल्याने सांगितलेला आकडा अठरा हजार रुपये, अक्षरांच्या खोदाईसह. हजर: तुझी शैला, माझी सुनंदा, मी, इचलकरंजीचा दावीद, मलकापूरच्या मार्थाबाई आणि गडमुडशिंगीचे आप्पासो. ऊसतोड चालू असल्यामुळे आप्पासो अर्धा तास उशिरा आले.

मनोहर, तू असतास तर मला इथंच थांबवलं असतंस. मिटिंगचा वृत्तांत लिहिताय व्हय, असं विचारून हसला असतास. पण आयुष्यभर पतसंस्थेत हिशेब लिहिले, त्यामुळे मला दुसरी सुरुवात येत नाही. आधी तारीख, मग रक्कम, मग हजर कोण. आणि खरं सांगायचं तर मी हे लिहायला बसलो त्याचं कारणही त्या हजेरीतच आहे. त्यातली शेवटची तीन नावं तुझ्या दफनाच्या दिवसापर्यंत मी कधी ऐकलेली नव्हती.

तू सुनंदाचा धाकटा भाऊ. उद्यमनगरात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा, लग्नकार्यात हमखास उशिरा पोचणारा, उपासनेत सुराच्या अर्धी ओळ पुढं गाणारा. मला विकलेली जुनी मोटार तीन आठवड्यांत जळाली, तेव्हा "दाजी, नात्यात वॉरंटी नसती" असं म्हणून वर चहाही माझ्याकडूनच घेतलास. अशा माणसाकडून मी काही आत्मिक शिकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. पाळकसाहेबांकडून शिकलो असतो, एखाद्या मोठ्या वक्त्याकडून शिकलो असतो. मेहुण्याकडून शिकायला जरा जड जातं.

माझे वडील गेले त्या महिन्यात तू रोज संध्याकाळी यायचास. एकदा जिन्यात चपला घालता घालता विचारलंस, शास्त्र उघडता का? मी जरा ताठ होऊनच म्हटलं की आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आहोत, दर रविवारी उघडतो. तू दुसरी चप्पल शोधत होतास. खाली बघूनच म्हणालास, "मग सोमवारी काय हुतं त्याला?"

मला राग आला होता. मी तुला सांगितलं की माझी पद्धत आहे. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, म्हणजे वर्षात सगळं संपतं. मी बायबलच्या समासात बारीक टिंब देत असे. हे मात्र सांगितलं नाही की दरवर्षी मार्च उजाडेपर्यंत मी जुन्या करारातल्या निवासमंडपाच्या मापांत आणि अर्पणांच्या नियमांत अडकून पडतो, आणि टिंबं तिथंच संपतात. तू ते न सांगता ओळखलंस. म्हणालास, उद्या पहाटे साडेपाचला फोन करतो, दहा मिनिटं वाचू, आवडलं नाही तर परवा उचलू नका.

परवा मी उचलला. तेरवाही उचलला. पहिले दोन महिने मी जांभया देत वाचलं हे तुलाही ठाऊक आहे, कारण तू मोजून दाखवायचास. दहा वचनं, एक तू, एक मी. मग काय कळलं ते एका वाक्यात, लांबण लावायचं नाही. मग छोटी प्रार्थना. तुझी प्रार्थना मला सुरुवातीला ऐकवत नसे. मी लहानपणापासून "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात ऐकत आलेला माणूस. तू म्हणायचास, "देवा, हे बघ, दाजी आन मी आलोय." जसं काही आपण दोघं दवाखान्यात नंबर लावून बसलोय.

आणि शेवटी ते गप्प बसणं. प्रार्थनेनंतर फोन बंद करायचा नाही आणि बोलायचंही नाही. दोन मिनिटं, कधी तीन. मी विचारलं, याचा उपयोग काय? तू म्हणालास, आपण त्याला वाचलं, आता त्याला आपल्याला वाचू द्या. मला हे पटलं नाही, पण फोन चालू ठेवला. तुझ्याकडचा कोंबडा ऐकू यायचा. शैलाचा गॅस पेटवल्याचा आवाज. कुणीतरी बादली सरकवलेली. हळूहळू मला कळायला लागलं की त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय पळत असतं. कुणी काय बोललं, कुणाकडून काय येणं आहे, कुणी मला कुठं कमी लेखलं. एवढा कोलाहल आपल्या आत चालतो हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. मग तोही जरा जरा बसायला लागला, तांब्यातल्या गढूळ पाण्यासारखा.

मनोहर, ती दोन मिनिटं मी माझी समजत होतो. माझी आणि तुझी. उपासना सगळ्या मंडळीची, प्रभुभोजन सगळ्यांचं, पण ते गप्प बसणं जगात फक्त दोन माणसांचं आहे असं मी धरून चाललो होतो. सुनंदालासुद्धा मी त्या वेळी खोलीत येऊ देत नसे.

मध्ये एक काळ असा आला की मला काहीच वाटत नव्हतं. वाचायचो, पण शब्द नुसते डोळ्यांखालून जायचे. मी तुला म्हटलं, काही दिवस बंद ठेवू, मनातून येत नाही तर देवाला फसवायचं कशाला? तू तोंडात काहीतरी चावत होतास. म्हणालास, "दाजी, रोज भाकरी खाताना रोज चव लागती व्हय? पण अंगाला लागती." आणि दुसऱ्या दिवशी फोन केलासच.

अंगाला लागलं, हे खरं. थोरल्या भावाशी माझं दीड वर्ष बोलणं बंद होतं, बोळातल्या भिंतीवरून. ज्या सकाळी ते वचन आलं, की देवापुढं अर्पण ठेवायला गेलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, त्या सकाळी ते वाचायची पाळी माझी होती. मी वाचलं. तू काहीच बोलला नाहीस. दुसरा कुणी असता तर उपदेश केला असता. तू नेहमीसारखी प्रार्थना केलीस, गप्प बसलास, आणि ठेवतो म्हणालास. संध्याकाळी मी भावाच्या दारात उभा होतो. वहिनींनी चहा टाकला. भिंतीचा विषय कुणी काढला नाही. भिंत अजून आहे तिथंच आहे, पण बोलणं चालू आहे.

हे तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. आता लिहितोय.

तर तो शुक्रवार. त्या आठवड्यात आपण येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या मालकाच्या दाखल्यापाशी होतो आणि आपलं भांडण चालू होतं. पहाटे आलेल्या मजुरांना जेवढी मजुरी, तेवढीच दिवस मावळताना तासभर काम केलेल्यांना. मी स्पष्ट म्हटलं की हे मला मान्य नाही. मालक उदार आहे, ठीक आहे, पण मग पहाटे आलेल्यांना जास्त द्यायला त्याचा हात कुणी धरला होता? आणि शेवटच्यांना आधी, पहिल्यांच्या डोळ्यांसमोर मजुरी द्यायची काय गरज होती? तू हसायला लागलास. म्हणालास, तुम्ही पतसंस्थेत बसून वाचताय. मी म्हटलं, मी कुठंही बसून वाचलं तरी बारा तास आणि एक तास सारखे होत नाहीत. सोमवारपासून गुरुवारपर्यंत आपण त्याच वचनांवर थांबलो, कारण मी पुढं जाऊ देईना. गुरुवारी तू म्हणालास, "उद्या सांगतो तुम्हाला. लई विचार केलाय मी यावर."

शुक्रवारी साडेपाचला फोन वाजला नाही. पाच मिनिटं गेली तसा मला राग आला. हा झोपला असणार, आणि मी इथं शास्त्र उघडून बसलोय. उलट फोन मी केला नाही, कारण फोन तू करायचास, असं ठरलेलं. थोड्या वेळाने वाजला तो शैलाचा. तू गच्चीच्या पायरीवर बसलेला होतास, फोन हातात, आणि भिंतीला टेकलेला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दफनाच्या दिवशी एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. मूठमाती देऊन मी बाजूला झालो, तर चाळिशीकडं झुकलेला एक माणूस माझ्याजवळ आला. अंगाला कापसाच्या धुळीचा वास. सलाम करून म्हणाला, "पावणं, तुम्ही त्यांचं कोण?"

मी सांगितलं, तो माझा मेहुणा, मी त्याचा दाजी.

तो एक पाऊल मागं सरला आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "साडेपाचचं दाजी? तुम्हीच व्हय? मी पाचचा."

मला कळेना. मग तो सांगू लागला. नाव दावीद, इचलकरंजीत यंत्रमागावर, कायम रात्रपाळी. त्याच्या मालकाच्या बोअरची मोटार तू दुरुस्त केलीस, तिथं ओळख झाली. चार वर्षं रोज पाच वाजता तू त्याला फोन करायचास. शेडमध्ये मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून तो जोडीदाराला माग बघायला सांगून मागच्या अंगाला, संडासाच्या भिंतीकडं जायचा. दहा वचनं. एक तू, एक तो. मग प्रार्थना. पुढचं मला ठाऊक होतं. आणि तो म्हणालाच, "आन मग ते गप बसणं. ते मला लई आवडायचं."

तुझ्या कबरीवरची माती अजून ओली होती, मनोहर, आणि मला रडू यायच्या ऐवजी त्याचा हेवा वाटला. बायको दुसऱ्याबरोबर दिसली तर माणसाला वाटत असेल तसा.

तेवढ्यात मागून एक ठणठणीत आवाज आला, "आणि मी पाच पंचावन्नची." या मार्थाबाई. निवृत्त परिचारिका, वय सत्तरीपुढं, मलकापूरहून पहिल्या एस.टी.ने आलेल्या. त्यांनी तिथंच, कबरस्थानात, मला सुनावलं की दाजींचं बोलणं लांबलं म्हणून त्यांची दोन-तीन मिनिटं अधूनमधून बुडायची. आप्पासो शेजारी उभे होते, डोक्यावर टोपी, कपाळावर अबीर. ते तर आपल्यातलेही नव्हेत. त्यांच्या विहिरीवरची मोटार तू बांधून दिलीस. म्हणाले, सव्वासहाला मनोहरचा फोन यायचा, तो वाचायचा आणि मी नुसतं ऐकायचो, मला तुमचा देव काय करायचाय, पण त्याचा आवाज कानावर पडल्याशिवाय मोटारीचं बटण दाबत नव्हतो.

म्हणजे पाच, साडेपाच, पाच पंचावन्न, सव्वासहा. आता मला कळलं की तू माझा फोन रोज बरोबर एकाच वेळी का ठेवायचास. मला म्हणायचास, "ठेवतो दाजी, कामं हायत." मला वाटायचं, मोटारींची.

दावीदने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला अजून टोचते. तो म्हणाला, "तुमचा लई राग यायचा मला. रंगात आलं की म्हणायचं, ठेवतो, दाजी वाट बघत असतील." म्हणजे त्याला माझ्याबद्दल माहीत होतं. मार्थाबाईंना माहीत होतं. आप्पासोंना तर माझ्या जळालेल्या मोटारीबद्दलही माहीत होतं. मला मात्र त्यांच्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. तिघांनाही माझं खरं नाव माहीत नाही, तिघंही मला दाजी म्हणतात, सत्तरीच्या मार्थाबाईसुद्धा. दाजी म्हणायचा हक्क जगात एकट्या तुझा होता. तो असा वाटून ठेवलास.

घरी येऊन मी शैलाला विचारलं, तुला ठाऊक होतं का? तिला माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. तुम्हाला ठाऊक न्हाय व्हय, म्हणाली. मग डोळे पुसता पुसता म्हणाली, साडेसहाला माझा नंबर असायचा, तोवर त्यांचा घसा बसलेला असायचा. तिला तर हेवा करायचा पहिला हक्क होता. तिच्या नवऱ्याची सकाळ आम्ही चौघांनी खाल्ली. आणि तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्याचाही मला राग आला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगतो. रोज साडेपाचला उठून बसलो. शास्त्र मांडीवर, फोन समोर. वाचलं काहीच नाही. प्रार्थनाही केली नाही. नुसता ती वेळ राखत बसलो, रेल्वेत रुमाल टाकून जागा धरतात तसा. सुनंदा दोनदा दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा म्हणाली, "माझा भाऊ होता तो. मला एकदा तरी बोलवायचं होतंत आत." मी तिच्याकडं बघितलंही नाही.

माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. तू चौघांना सारखंच दिलंस का? माझ्याशी जे बोललास तेच त्यांच्याशी? भाकरीचं ते वाक्य दावीदलाही सांगितलं होतंस का? "दाजी आन मी आलोय" असं माझ्यासाठी म्हणायचास, तसं "मार्थाबाई आन मी आलोय" असं तिकडं म्हणायचास का? म्हणत असणार. आणि माझ्या जागी दुसरं नाव घातलं की झालं, असं वाटून माझं सगळं शिकलेलं मला उष्टं वाटायला लागलं. एका पहाटे तर मी त्याच्याही पुढं गेलो. मला वाटलं, त्या दोन मिनिटांत तू आमच्यातल्या कुणाबरोबरच नव्हतास. तू ज्याच्याबरोबर होतास त्याच्याबरोबर पाचपासून साडेसहापर्यंत सलग होतास, आणि आम्ही पाळीपाळीने दाराशी येऊन उभे राहत होतो. मग मला त्याचाही हेवा वाटला. देवाचा हेवा करणारा माणूस मंडळीत मी एकटाच असेन.

तू मला त्यांच्याबद्दल का सांगितलं नाहीस, याचाही विचार केला. तू लपवलं नाहीस. मी कधी विचारलं नाही की माझ्या आधी काय करतोस, नंतर काय करतोस. आणि तू आपणहून सांगितलं असतंस तर मी काय विचारलं असतं? त्यांना किती मिनिटं देतोस? तू मला ओळखत होतास.

तर असा मी त्या रविवारी तुझ्या घरी बसलो होतो. दगडाचा विषय निघाला तसं मी सांगून टाकलं की सगळी रक्कम मी देणार, घरचा माणूस म्हणून. ते मला हवंच होतं, मनोहर. बाकी काही नाही तरी दगड तरी एकट्याचा असावा. आप्पासो नुकतेच येऊन टेकले होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "दाजी, तुम्ही घरचं, मग आम्ही काय रस्त्यावरचं?" मार्थाबाई म्हणाल्या की त्यांनी पैसे आणलेलेच आहेत आणि परत नेणार नाहीत. शैला म्हणाली, सगळ्यांचं घेऊ, त्यांना बरं वाटंल. मी सवयीने खिशातून कागद काढला, रेघा मारल्या, नाव आणि त्यापुढं रक्कम अशी दोन घरं पाडली. मार्थाबाईंनी रक्कम सांगितली, मी लिहिली. आप्पासोंनी सांगितली, लिहिली. दावीदच्या हातात घडी घातलेल्या नोटा होत्या. माझा कागद बघून त्याने हात परत खिशात घातला. मी पेन धरून थांबलो होतो. तो म्हणाला, देतो नंतर.

मग त्यानेच विषय बदलला. तुझ्या फोटोकडं बघत विचारलं, "दगडाचं हुईल हो. सकाळचं कोण बघणार आता?"

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. शैलाने बघितलं, सुनंदाने बघितलं. मी कागदाची घडी घातली आणि निघतो म्हणालो.

अंगणात दावीद माझ्या मागं आला. चार आठवडे जे विचारायचं मी टाळत होतो ते तिथं तोंडातून निघून गेलं. त्या शुक्रवारी तुझ्याशी बोलणं झालं होतं का? कारण पाचचा फोन माझ्या आधीचा. त्याने मान हलवली. झालं होतं. पूर्ण झालं होतं, गप्प बसण्यासकट. म्हणजे तुझी शेवटची प्रार्थना, तुझी शेवटची दोन मिनिटं त्याला मिळाली. मला वाटलं, आता याचं तोंड बघू नये. पण तो पुढं बोलत होता. त्या दिवशी तू पाच मिनिटं आधीच ठेवलंस म्हणे. त्याने कुरकुर केली, तर म्हणालास, "आज सोड मला. दाजीस्नी उत्तर द्यायचंय, लई दिवस झालं अडवून बसल्यात."

दावीद ओशाळून हसला. त्या दिवशी तुमचा सगळ्यात जास्त राग आलता, म्हणाला.

मी गेटला धरून उभा राहिलो. त्याने मला रडू दिलं. एक शब्द बोलला नाही. त्याला गप्प बसता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि कुणी शिकवलं हेही कळलं.

सोमवारी मी पाऊण तास लवकर उठलो. पाचला दावीदला फोन लावला. मागांचा खडखडाट इतका होता की मला वाटलं, फोन फुटतोय. तो ओरडून म्हणाला, थांबा दाजी, भाईर येतो. पावलं ऐकू आली, एक दार ऐकू आलं, मग आवाज निम्म्यावर आला. मी सुनंदाला आत बोलावलं होतं. ती शेजारी बसली होती. कुठून वाचायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून मी द्राक्षमळ्याचा दाखला काढला. एक वचन मी, एक त्याने. शेवटी मी त्याला माझी तक्रार सांगितली. मला वाटलं, हा मागावर बारा तास राबणारा माणूस, हा मला काहीतरी असं सांगेल की मी निरुत्तर होईन.

"अन्याय हाय की हो सरळसरळ," दावीद म्हणाला. "आमच्यात असं केलं असतं तर शेड बंद पाडली असती."

मनोहर, मी हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. सुनंदाही हसली. तो तिकडं हसत होता. आता या मालकाविरुद्ध आम्ही दोघं आहोत, आणि तुझं उत्तर तू घेऊन गेलास. ते मला हवंय. अजून हवंय. भेटशील तेव्हा पहिलं तेच विचारणार आहे, आणि माझ्या आधी दावीदला सांगितलंस तर बघ.

मग मी प्रार्थना केली. परमकृपाळू स्वर्गीय पित्या म्हणून सुरुवात केली आणि मध्येच अडकलो. सुनंदाने ती पुढं नेली. तिची प्रार्थना मी इतक्या वर्षांत कधी नीट ऐकली नव्हती. मग आम्ही तिघं गप्प बसलो. तिकडून माग ऐकू येत होते. पाच पंचवीस झाले तसं मी म्हटलं, ठेवतो.

साडेपाचला पुढचा फोन नव्हता. ती वेळ मी अजून रिकामी ठेवली आहे. तेवढं मला करू दे. पाच पंचावन्नला मार्थाबाईंना लावला. त्यांनी उचलल्या उचलल्या सांगितलं की माझा आवाज तुझ्यासारखा नाही, मी घाईत वाचतो, आणि उद्या चष्मा घालून बसा. सव्वासहाला आप्पासो. ते म्हणाले, वाचा, मी ऐकतोय. वाचून झालं तेव्हा त्यांनी फोन न ठेवताच बटण दाबलं आणि मला विहिरीवरची मोटार सुरू झालेली ऐकू आली.

मी तुझ्यासारखा नाही. दर सकाळी कुठल्या ना कुठल्या फोनवर कुणीतरी म्हणतंच, मनोहर असं सांगायचा, आणि दर वेळी मला टोचतं की हे मला का सांगितलं नव्हतंस. अजून टोचतं. मी ते रोज देवापुढं ठेवतो आणि रोज थोडं परत उचलून आणतो. पण फोन करतो.

शनिवारी, पंधरा नोव्हेंबरला, ग्रॅनाइटवाल्याकडं आम्ही चौघं आणि शैला गेलो. शैलाने आपला वाटा आणला होता, नको म्हटलं तरी ऐकलं नाही. मी एक पाकीट नेलं होतं. ते पाळीपाळीने प्रत्येकाच्या हातात गेलं, दावीदच्याही, आणि शेवटी माझ्याकडं आलं. एकरकमी दिल्यावर ग्रॅनाइटवाल्याने हजार रुपये कमी केले. पावती लिहिताना त्याने मला विचारलं, कुणाचे किती, वेगवेगळे लिहू का?

मी म्हटलं, नुसती नावं लिहा. आणि सकाळच्या क्रमाने सांगत गेलो. दावीद, मी, मार्थाबाई, आप्पासो, शैला. या पाच जणांकडून सतरा हजार रुपये ग्रॅनाइटवाल्याला पोचले.